अंगणातलं जाळं, पायातलं कडं

गेल्या अंकात एका प्रश्नाच्या ओघात मी लिहून गेले होते, की आमच्या मेरीलँडच्या घरामागे उन्हाळ्यात एका सकाळी पक्ष्यांसाठी जाळं लागतं आणि सापडलेल्या पाखरांच्या पायात कडी घालून त्यांना सोडून देतात. एवढ्याशा ओळीवर इतकी पत्रं आली, की संपादकांनी ह्या वेळचा अख्खा स्तंभच पाखरांना देऊन टाकला. मी पक्षीशास्त्रज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकते. सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली, आधी सोलापुरात, मग इकडे. निवृत्तीनंतर जाळ्यापाशी वही धरून बसायला लागले. खाली जे लिहिते आहे ते त्या वहीच्या बाजूनं.

ताई, हे सगळं नेमकं होतं कसं? पाखरू जाळ्यात अडकल्यावर पुढे काय करतात? जरा सविस्तर लिहा.
*— एक वाचक, कोथरूड, पुणे*

आधी कोण करतं ते सांगते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचं स्थलांतरी पक्ष्यांच्या अभ्यासाचं केंद्र आहे. त्यांनी 2000 साली ‘नेबरहुड नेस्टवॉच’ नावाचा उपक्रम काढला. जंगलातल्या पाखरांचा अभ्यास पुष्कळ झाला होता. पण बंगल्यांच्या रांगा, गवताची हिरवळ, पार्किंग आणि मांजरं ह्यांच्या मधोमध पाखरं कशी संसार करतात, हे बघायचं तर लोकांच्या परसातच शिरावं लागतं. परस पडलं खाजगी. म्हणून घरमालकालाच कामात ओढलं. संस्थेची प्रशिक्षित माणसं वर्षातून एकदा येतात, कडी घालतात आणि जातात. पुढे वर्षभर ती कडी दुर्बिणीतून टिपायची, घरटी शोधायची, नोंदी पाठवायच्या, हे काम आमचं. वॉशिंग्टन परिसरात आठ नेहमीच्या जातींवर भर असतो: रॉबिन, कार्डिनल, कॅटबर्ड, मॉकिंगबर्ड, साँग स्पॅरो, हाउस रेन, कॅरोलायना रेन आणि चिकाडी.

सकाळी उजाडता उजाडता दोन खांबांमध्ये जाळं ताणतात. पूर्ण जाळं बारा मीटर लांब आणि साधारण अडीच मीटर उंच असतं. परसात जागा नसेल तर त्याच्या निम्म्या लांबीचं. काळा, केसासारखा बारीक नायलॉनचा धागा. मागे गर्द झुडूप असलं की ते दिसतच नाही. मी स्वतः कपबशी घेऊन त्यात जायची राहिले आहे. जाळं ताठ नसतं, त्याला आडव्या झोळ्या असतात. पाखरू धडकलं की झोळीत पडतं आणि तिथेच लोंबकळतं. जाळ्याखाली एक छोटा स्पीकर ठेवून त्याच जातीच्या नराचं गाणं लावतात. आपल्या हद्दीत हा कोण उपटसुंभ आवाज चढवतोय म्हणून घरचा नर तावातावानं येतो आणि सापडतो. माद्या सहसा इतक्या सहजी येत नाहीत. (ह्यावर आमच्या ह्यांनी केलेली टिप्पणी मी इथे देत नाही.)

जाळ्यातून पाखरू काढणं हीच खरी विद्या. कुठल्या बाजूनं शिरलंय ते बघायचं, पाय मोकळे करायचे, मग पंख, मग डोकं. शिकाऊ माणसाला महिनोन् महिने फक्त बघायला लावतात. काढलेलं पाखरू सुती पिशवीत घालून खुंटीला टांगतात. अंधार झाला की ते शांत बसतं.

मग टेबलापाशी. आधी जात ठरते, मग पायाच्या जाडीप्रमाणे कड्याचं माप. ॲल्युमिनियमची कडी तारेत ओवलेली असतात, क्रमानं. त्यावर नऊ आकडी क्रमांक कोरलेला. खास पक्कड असते, तिच्या जबड्यात गोल खाचा. त्या खाचेत कडं धरून पायाभोवती असं मिटवायचं, की दोन टोकं अगदी भिडली पाहिजेत, पण एकावर एक चढता कामा नयेत. फट राहिली तर धागा नाहीतर गवताची काडी अडकते. मिटल्यावर कडं पायावर वरखाली सरकलं पाहिजे आणि गरगर फिरलं पाहिजे. ते स्वतः बघतात, मग दुसऱ्याला बघायला लावतात. क्रमांक मोठ्यानं वाचतात. मी लिहिते आणि उलट वाचून दाखवते. रक्ताच्या नळ्यांवरचे नंबर जन्मभर असेच वाचले, त्यामुळे ह्या कामात मला कोणी हरवत नाही.

ॲल्युमिनियमच्या कड्याखेरीज तीन रंगीत प्लॅस्टिकची कडी घालतात. दोन्ही पाय मिळून चार. रंगांची जुळणी त्या जातीत त्या एकट्या पाखराची. त्यामुळे पुन्हा पकडायची गरज उरत नाही, लांबून ओळखता येतं.

पंखाची लांबी मोजतात. पोटावर हलकेच फुंकर मारून पिसं बाजूला करतात. अंडी उबवणाऱ्या मादीच्या पोटावरची पिसं गळून तिथली कातडी उघडी, सुजल्यासारखी झालेली असते. अंड्यांना सरळ अंगाची ऊब मिळावी म्हणून. गळ्याच्या खळगीत पिवळट चरबी साठली आहे का तेही बघतात. शेवटी वजन: पाखरू डोकं खाली करून प्लॅस्टिकच्या नळकांड्यात घालतात आणि नळकांडं काट्यावर. चिकाडी भरते दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन चमचे साखर.

स्वभाव एकेकाचे. कार्डिनल नर लालभडक, तुरेवाला, दिसायला राजबिंडा. पण सूर्यफुलाचं बी फोडणारी ती चोच बोटाची चामडी धरली की सोडत नाही. जाणकार माणसं त्याच्या तोंडात आधी काडी देतात. चिकाडी जिवाची पर्वा न करता नखाच्या मुळाशीच टोचते. आणि कॅटबर्ड! जूनमध्ये त्यांनी तुतीची फळं भरपेट खाल्लेली असतात. माझ्या वहीच्या त्या महिन्यातल्या पानांवर जांभळे डाग आहेत, ते शाईचे नाहीत.

हातातला सगळा प्रकार काही मिनिटांत उरकतो. मग तळहात उघडायचा. बहुतेक पाखरं क्षणात जातात, एखादी रेन मात्र जवळच्याच फांदीवर बसून बराच वेळ शिव्या घालते.

इतका खटाटोप कशाला? पक्षी बघूनच कळत नाही का, की तो आहे? आमच्या मागच्या अंगणात कार्डिनलची जोडी गेली सहा वर्षं येते आहे, आम्ही काही त्यांना कडी घातली नाहीत.
*— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी*

सहा वर्षं जोडी येते आहे, हे खरं. तीच जोडी येते आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता? गोम तिथेच आहे. लाल नर म्हटला की सगळे लाल. एक गेला, दुसऱ्यानं जागा घेतली, तर आपल्याला पत्ताही लागत नाही. कार्डिनल जगूही शकतो बराच: कडं घातलेली एक मादी पेनसिल्व्हेनियात सापडली तेव्हा पंधरा वर्षं नऊ महिन्यांची होती. पण ती कडं होतं म्हणून कळली.

परसातल्या ह्या उद्योगाला जुनी परंपरा आहे आणि ती हौशी लोकांचीच आहे. ओहायोतल्या क्लीव्हलंडचे एस. प्रेंटिस बाल्डविन पेशानं वकील. 1914 च्या सुमारास त्यांनी आपल्या वाडीत चिमण्यांचा उपद्रव कमी करायला पिंजरे लावले. त्यात दुसरीही पाखरं सापडायची. त्यांना कडी घालून सोडलं, तर तीच पाखरं पुन्हा पुन्हा पिंजऱ्यात यायला लागली. तोवर कडं घालायचं ते घरट्यातल्या पिल्लांना, आणि मग कुठे मेलेलं सापडतंय ह्याची वाट बघायची, अशी रीत होती. जिवंत पाखरू परत परत भेटू शकतं, हे बाल्डविननी दाखवून दिलं. हाउस रेनची जोडपी एका हंगामात दुसऱ्या विणीच्या वेळी जोडीदार बदलतात, हेही त्यांनीच कड्यांवरून ताडलं. त्या काळी पक्ष्यांच्या एकनिष्ठ संसाराची वर्णनं लिहिणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली असणार.

आणि मार्गारेट मोर्स नाइस. ह्या बाईंबद्दल मी कितीही लिहीन. त्याच ओहायो राज्यात, कोलंबस शहरात, नवरा विद्यापीठात प्राध्यापक, पदरी मुली, हाताशी प्रयोगशाळा नाही, पद नाही, पगार नाही. 1928 पासून घराजवळच्या नदीकाठच्या मोकळ्या रानात त्यांनी साँग स्पॅरोंना रंगीत कडी घालायला सुरुवात केली आणि आठ वर्षं त्यांच्या मागावर राहिल्या. कोणाची हद्द कुठवर, कोणी कोणाला हुसकावलं, कोण परत आला, कोण नाही. 1935 च्या मे महिन्यात एका नराच्या मागे दिवसभर बसून त्यांनी त्याची गाणी मोजली: 2,305. साँग स्पॅरो हा तपकिरी रेघारेघांचा पक्षी, एकासारखा दुसरा. पायातले रंग नसते तर पहिल्या तासातच शेजारचा नर मध्ये घुसला असता आणि मोजणी वाया गेली असती. त्यांचं काम दोन खंडांत, 1937 आणि 1943 साली, छापून आलं आणि युरोपातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी ते डोक्यावर घेतलं.

आमच्या ‘नेस्टवॉच’च्या परसांतून निघालेलं सांगते. कॅटबर्ड हिवाळ्यात कुठे जातात? त्यांच्या पाठीवर उजेडाची वेळ नोंदवणारी चिमुकली यंत्रं बसवली; उजाडण्या-मावळण्याच्या वेळेवरून जागा ताडता येते. ती काढून घ्यायला तोच पक्षी पुढच्या वर्षी त्याच अंगणात सापडणं भाग होतं. सापडले. वॉशिंग्टनकडचे कॅटबर्ड फ्लोरिडात आणि क्यूबात हिवाळा काढतात, असं निघालं. आमच्या तुतीवर जूनमध्ये धिंगाणा घालणारा पक्षी जानेवारीत हवानाच्या आसपास असू शकतो, हे कळल्यापासून मी तुतीची फांदी छाटू देत नाही.

दुसरा अभ्यास मांजरांचा. वॉशिंग्टनच्या उपनगरांत घरट्यातून नुकत्या बाहेर पडलेल्या कॅटबर्डच्या पिल्लांवर छोटे ट्रान्समीटर लावून त्यांचा माग काढला. मेलेल्या पिल्लांपैकी सुमारे ऐंशी टक्के शिकार झाली होती, आणि शिकारी ओळखता आला त्यातल्या जवळजवळ निम्म्या वेळा ते मांजर होतं. हा निकाल 2011 साली छापून आला. आमच्या गल्लीत ह्यावरून दोन घरांचं बोलणं बंद आहे, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

तिसरा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. चिकाडी पिल्लांना अळ्या भरवते. एक वीण मोठी करायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात, असा अंदाज आहे. अळ्या येतात झाडांवर, पण कुठल्याही झाडावर नाही; इथल्या किड्यांना इथलं झाड लागतं. परसापरसातली झाडं मोजून आणि चिकाडींची वर्षानुवर्षांची कडी-नोंद लावून 2018 साली निष्कर्ष आला, की परसातल्या हिरवाईपैकी निदान सत्तर टक्के देशी असेल तरच तिथली चिकाडींची संख्या टिकते. त्याखाली गेलं की पाखरं दिसत राहतात, पण ती बाहेरून येऊन भर पडते म्हणून. नुसतं बघणाऱ्याला दोन्ही परसं सारखीच वाटतात. तुमच्या अंगणात जपानी मेपल आणि क्रेप मर्टल असली बाहेरून आलेली झाडंच असतील, तर एखादा ओक लावा. मोठा व्हायला वेळ लागतो, म्हणून लवकर लावा.

मी 84 वर्षांचा आहे. मुक्या जिवाला जाळ्यात धरून पायात बेडी घालण्यात कसलं आलंय शास्त्र? त्याला किती भीती वाटत असेल! तुम्हाला ह्यात काही गैर वाटत नाही?
*— एक वाचक, सातारा*

काका, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं.

भीती वाटते, ह्यात शंका नाही. पिशवीतल्या पाखराचं काळीज बाहेरून हाताला लागतं. इजाही होते. अमेरिका आणि कॅनडातल्या 22 संस्थांच्या नोंदी एकत्र करून 2011 साली हिशेब मांडला गेला: जाळ्यात सापडलेल्या हजार पाखरांमागे सहा जखमी, दोन दगावलेली. आकडा लहान आहे, शून्य नाही. म्हणून नियम कडक आहेत. पाऊस, जोराचा वारा, कडक ऊन असलं की जाळं बंद. लावलेल्या जाळ्यापाशी सतत माणूस. पाखरू धापा टाकायला लागलं, डोळे मिटायला लागलं, तर माप अर्धवट टाकून तिथल्या तिथे सोडायचं. कड्याचं वजन पाखराच्या वजनाच्या शेकडा एक भागाहूनही कमी असतं. त्याचा भार होत नाही. परत परत पकडली गेलेली, वर्षानुवर्षं पिल्लं काढणारी पाखरं आहेत.

पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावरच्या अल्बट्रॉस ह्या समुद्रपक्ष्याच्या एका मादीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. 1956 साली चँडलर रॉबिन्स ह्या शास्त्रज्ञांनी तिच्या पायात कडं घातलं. 2002 मध्ये ती पुन्हा हाती लागली, ती त्यांच्याच. मधल्या काळात कडी झिजली म्हणून बदलली होती, त्यांचे क्रमांक मागे मागे लावत गेल्यावर ही तीच, हे कळलं. ‘विस्डम’ हे तिचं नाव. 2024 च्या अखेरीस, अंदाजे 74 व्या वर्षी, तिनं पुन्हा अंडं घातलं. रॉबिन्स आमच्या मेरीलँडचेच. 2017 साली गेले. पाखरू माणसाला पुरून उरलं.

पण तुमच्या रागाशी मी अर्धी सहमत आहे. कडं घातलं आणि पुढे कोणी बघितलंच नाही, तर मग ती बेडीच. हातात पाखरू धरून फोटो काढायचा, समाजमाध्यमावर टाकायचा आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकीकडे ढुंकून बघायचं नाही, अशी माणसं इथेही आहेत. आमच्या उपक्रमात दर वर्षी नोंदी पाठवणारी घरं असतात आणि एका सकाळच्या मजेपुरती नाव घालणारीही. दुसऱ्या प्रकारच्या घरी जाळं लावूच नये, असं माझं मत. ते मी तिथे बोलून दाखवलं आहे.

ऑनलाइन पक्ष्यांची जाळी आणि नंबरच्या रिंगा दोन्ही मिळतात असं दिसतं. माझा मुलगा नववीत आहे, त्याला खूप आवड आहे. आमच्या गच्चीवर बुलबुल आणि साळुंक्या भरपूर येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही बाप-लेकांनी सुरू करावं म्हणतो. काही टिप्स द्याल?
*— एक वाचक, नाशिक*

एकच टिप: करू नका.

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972, ह्यात ‘शिकार’ ह्या शब्दाच्या व्याख्येत पकडणं आणि सापळा लावणंही येतं. बुलबुल गच्चीवर आला म्हणून तो तुमचा होत नाही. सरकारी परवानगीशिवाय जाळं लावलंत तर तो गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. इथेही तेच. अमेरिकेत 1918 पासून कायदा आहे. परवाना देणारी केंद्रीय प्रयोगशाळा आमच्याच राज्यात, लॉरेलला आहे. अर्जदार अठरा वर्षांचा हवा, जाणकारांची शिफारस हवी आणि नेमका अभ्यास काय करणार ते सांगावं लागतं. अधिकृत कडी विकत मिळतच नाहीत, प्रयोगशाळा ती परवानाधारकाला देते. मी इतकी वर्षं जाळ्यापाशी बसते, पण माझ्याकडे परवाना नाही, म्हणून मी एकही कडं घातलेलं नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी: कोणाच्या यादीत नसलेला क्रमांक पाखराच्या पायात घालून उपयोग काय? कुठे सापडलंच तर कळवणार कोणाला?

मुलाची आवड मोडू नका मात्र. भारतात हे काम मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, करते आणि त्याचा इतिहास आपल्याला जवळचा आहे. पहिले प्रयत्न 1920 च्या दशकात धार संस्थानात, तिथल्या महाराजांच्या मदतीनं झाले. मोठ्या प्रमाणावर काम सुरू झालं 1959 साली, डॉ. सलीम अली ह्यांच्या पुढाकारानं. त्याच्या आधी दोनच वर्षं कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलातला ताप पसरला होता, आणि स्थलांतरी पक्षी दुरून रोगाचे विषाणू आणतात का, हे जागतिक आरोग्य संघटनेला तपासायचं होतं. त्या पैशातून हजारो पाखरांच्या पायात कडी पडली आणि कुठला पक्षी कुठून येतो ह्याची पहिली पक्की माहिती हाती आली. मुलाला हे वाचायला द्या. संस्थेची शिबिरं असतात, शैक्षणिक अभ्यासक्रम असतात. शिकायचंच तर शिकवणाऱ्याच्या हाताखाली.

आमच्या खिडकीत एक कबुतर येऊन बसलं आहे, पायात हिरवं कडं आणि त्यावर अक्षरं, आकडे. शेजारी म्हणतात पोलिसांना कळवा. काय करू?
*— एक वाचक, चेंबूर, मुंबई*

तुमच्या चेंबूरचं कबुतर जगभर गाजलेलं आहे, म्हणून शेजाऱ्यांना दोष देत नाही. मे 2023 मध्ये तिथल्या जेट्टीजवळ दोन्ही पायांत कडी असलेलं कबुतर सापडलं, पंखांखाली चिनी वाटणारी अक्षरं. हेरगिरीचा संशय आला, आणि बिचारं परळच्या जनावरांच्या दवाखान्यात आठ महिने अडकून पडलं. शेवटी निघालं तैवानमधलं शर्यतीचं कबुतर. जानेवारी 2024 अखेर त्याला सोडलं.

तुमचंही बहुधा शर्यतीचंच असेल. ओळखायची सोपी खूण अशी: पाळीव कबुतराचं कडं अखंड असतं, कुठेही सांधा नाही. पिल्लू आठवड्याभराचं असताना बोटं जुळवून ते पायात सरकवतात, पुढे पाय मोठा झाला की निघत नाही. रानपाखराचं कडं मोठ्या पायावर पकडीनं मिटवलेलं असतं, त्यामुळे त्याला उभी रेघ दिसते. सांधा नसेल तर पाणी, थोडी ज्वारी ठेवा. विसावा घेऊन ते आपल्या वाटेनं जातं. सांधा असेल आणि त्यावर ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ला कळवा अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं असतील, तर क्रमांकाचा स्वच्छ फोटो काढा आणि तारीख, जागा लिहून फोर्टातल्या हॉर्नबिल हाउसला कळवा. जिवंत पाखराचं कडं काढायला जाऊ नका.

आमच्या दाण्याच्या फीडरवर येणाऱ्या एका तांबड्या फिंचचे डोळे सुजून बंद झाले आहेत. संसर्ग आहे का? आम्हाला होईल का?
*— एक वाचक, रिचमंड, व्हर्जिनिया*

हाउस फिंच असणार. हा डोळ्यांचा आजार 1994 च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्याच उपनगरांत पहिल्यांदा लक्षात आला, आणि तो परसात पाखरं बघणाऱ्या लोकांच्याच लक्षात आला. मायकोप्लाझ्मा जातीच्या जिवाणूमुळे होतो. माणसाला होत नाही. फीडर आजच उतरवा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी ह्यात बुडवून धुवा, पूर्ण वाळवा, आणि थोडे दिवस लावूच नका. पाखरं उपाशी मरत नाहीत, पांगतात, पांगलेलीच बरी.

आमचं डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर आहे. परस नाही, जाळं नाही, परवाना नाही. गॅलरीत चार कुंड्या आहेत. आमच्यासारख्यानं काय करायचं? की नुसती तुमची पत्रं वाचायची?
*— एक वाचक, डोंबिवली*

तुमच्या पत्रातला टोमणा आवडला.

माझ्या वर्षातला जाळ्याचा दिवस एक. बाकी सगळे दिवस मीही खिडकीशी चहा घेऊन बसते. तेच तुम्हाला करता येईल. फक्त वही हवी आणि थोडा कंजूषपणा हवा, म्हणजे दिसलं तेवढंच लिहायचं. मला हे शिकायला त्रास झाला तो कड्यांमुळे. रॉबिन उड्या मारत जातो, गवतात त्याचा एकच पाय दिसतो: वर निळं, खाली पांढरं. दुसरा पाय दिसलाच नाही. मन म्हणतं, कालचाच असणार, लिहून टाक. नाही लिहायचं. अर्धी नोंद अर्धी म्हणूनच लिहायची. शिवाय डावा-उजवा हा पक्ष्याचा, आपला नव्हे. तो समोरून येत असला की नवीन माणूस हटकून उलटं लिहितो. सकाळच्या तिरप्या उजेडात गडद निळं आणि काळं एकच दिसतं, तेव्हा ‘निळं किंवा काळं’ असं लिहायचं, लाज वाटू द्यायची नाही.

तुमच्याकडे कडी नाहीत, पण खुणा असतात. दोऱ्यात अडकून बोट गमावलेला कावळा, कपाळावर एक पांढरं पीस असलेली साळुंकी, शेपूट तुटलेला दयाळ. त्यात एक गोष्ट लक्षात ठेवा: तुटलेलं पीस वर्षाच्या पिसेझडीत नवं येतं, म्हणजे ती खूण काही महिन्यांपुरती. पायाची खूण कायमची. वहीत खुणेचं चित्र काढा, वेडंवाकडं चालेल.

रोज त्याच वेळी पंधरा मिनिटं बसा. फेब्रुवारीत चार दिवसांची ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही जागतिक पक्षीगणना असते, तिच्यात पंधरा मिनिटांची गणनाही धरतात आणि नोंद ‘ई-बर्ड’ ह्या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर फुकट करता येते. गॅलरीही चालते. काहीच दिसलं नाही तरी तारीख टाकून ‘काही नाही’ लिहा.

फेब्रुवारी-मार्चनंतर कुंडीतल्या दाट फांद्यांत बुलबुल घरटं करायला लागतो. दोन-तीन अंडी, पिल्लं अंड्यातून बाहेर यायला साधारण चौदा दिवस. शिंजीर असेल तर दोरीला नाहीतर वायरला लोंबती पिशवी विणेल, कोळ्याच्या जाळ्यानं चिकटवलेली. पहिली काडी कधी आणली, अंडी कधी दिसली, पिल्लं कधी उडाली, की मध्येच घरटं मोडलं आणि कोणी मोडलं, एवढं जरी चार-पाच हंगाम नीट लिहिलंत तरी पुष्कळ झालं. अंड्यांना हात लावायचा नाही, फोटोसाठी फांद्या बाजूला करायच्या नाहीत, फ्लॅश तर नाहीच. कावळा टपलेला असतो आणि आपण कुठे डोकावतो ते तो बघतो.

त्या दिवसांत कुंडीला पाणी वरून ओतू नका, कडेनं घाला. आणि गॅलरीचे कपडे दुसऱ्या टोकाला वाळत टाका. घरच्यांची समजूत तुम्हालाच काढावी लागेल.